केसाचे घड्याळ

मित्रांनो, माझ्याकडे पाहिले की लोक आधी किती वाजले ते विचारतात. त्यांचा दोष नाही. गोल पितळी चेहरा, वर काच, कडेने आकडे आणि मधोमध काटा, म्हणजे घड्याळच की! पण जरा जवळ या. माझ्यावर बारा आकडे नाहीत. शून्यापासून शंभरापर्यंत बारीक रेघा आहेत आणि काटा एकच आहे, कारण मला वेळेशी काही देणेघेणे नाही. मी एक जुना आर्द्रतामापक आहे. हवेत ओलावा किती, एवढेच मला कळते. डोंगरावरची माणसे मला केसाचे घड्याळ म्हणत. त्यातले घड्याळ चूक असले तरी केस अगदी खरा आहे. मी केसावर चालतो.

हसू नका. माझ्या पोटात माणसाचा एक लांब केस ताणून बांधलेला आहे. त्याचे एक टोक वरच्या स्क्रूला आणि दुसरे काट्याच्या चाकाला. हवा ओली झाली की केस किंचित लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि तेवढ्यावर काटा पुढे-मागे सरकतो. शंभर म्हणजे हवेत आता पाण्याला जागाच उरली नाही. त्याच्या पुढे आकडा नसतो. म्हणून माझ्या कारागिराने शंभराला लागूनच टाचणीएवढा एक खिळा ठोकला, की काटा भलतीकडे भटकू नये. समुद्राकाठच्या एका शहरात, खिडकीपाशी बसून, डोळ्याला भिंग लावून त्याने मला घडवले. पहिला केस कुणाचा होता ते त्याने सांगितले नाही. मला बंद करताना तो फक्त म्हणाला, "जा बाबा, जिथे जाशील तिथे खरं बोल." यंत्राला एवढाच आशीर्वाद पुरतो.

गवतात गुंडाळून, खोक्यात घालून, आधी रेल्वेने, मग ट्रकने आणि शेवटी एका खेचराच्या पाठीवरून मी डोंगरावर आलो. तिथे हवामानाच्या नोंदी ठेवणारे छोटेसे केंद्र होते. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात पाऊस मोजायचे भांडे, आणि चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी. तिच्या चारी बाजूंना फटी होत्या, म्हणजे वारा आत येई आणि ऊन बाहेर राही. ती पेटी माझे घर. केंद्रातली सगळी कामे करणारे गृहस्थ एकच. सरकारी कागदावर ते निरीक्षक होते. खालच्या गावात त्यांना हवावाले म्हणत. उंच, सडपातळ, कानावर पेन्सिल. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला ते पेटीपाशी येत, श्वास रोखून दार उघडत, कारण माणसाच्या श्वासानेही माझा काटा हलतो, आणि आकडा वहीत लिहीत. त्यांचे अक्षर असे की वही बघायला शेजारच्या शाळेतले मास्तर मुलांना घेऊन येत. आजारी असले तरी त्यांनी सात कधी चुकवले नाहीत. एकदा ताप चढला असताना घोंगडी पांघरून आले आणि आकडा लिहून तिथेच पायरीवर बसून राहिले.

भिंतीवर त्यांच्या आधीच्या निरीक्षकांनी लिहून ठेवलेला एक नियम होता. माझ्यासारखी यंत्रे वर्षाकाठी एकदा तपासावी लागतात, आणि शहर तर दोन दिवसांच्या वाटेवर. म्हणून डोंगरावर ही तपासणी धुक्याकडून करून घेत. नियम असा होता: वर्षातल्या पहिल्या दाट धुक्यात पेटी उघडी ठेवावी, अर्धा तास थांबावे, आणि काटा शंभरावर नसेल तर स्क्रू फिरवून शंभरावर आणावा. घराच्या दारातून अंगणाचे फाटक दिसेनासे झाले, म्हणजे धुके दाट समजावे. दार ते फाटक पंचवीस पावले. इतकी साधी, इतकी चोख रीत मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही.

आणि काय ते धुके होते, मित्रांनो! तुम्हाला कसे सांगू? ते फाटक उघडायची वाट बघत नसे. खिडकीतून आत येई, खाटेवर बसे, ताटात डोकावे. वरच्या उताराला जुने जंगल होते. तिथल्या झाडांच्या फांद्यांना शेवाळाच्या लांब दाढ्या होत्या. धुके त्या दाढ्यांत अडके, थेंब होई, आणि पाऊस नसतानाही जंगलात दिवसभर टपटप चाले. तेच पाणी मुळाशी मुरून खाली झऱ्याला येई, आणि झऱ्यावर अख्खे गाव जगे. हे मला हवावाल्यांनीच शिकवले. ते पेटीपाशी उभे राहून मोठ्याने बोलत असत. मला वाटे माझ्याशी बोलतात, म्हणून मी जिवाचा कान करून ऐकत असे.

त्या ओलाव्याने हवावाल्यांच्या बायकोला मात्र नको नको केले होते. त्यांना गावात सगळे वहिनी म्हणत. वाळत घातलेला सदरा चार दिवसांनी काढावा तो जास्तच ओला. चपला दोन दिवस घातल्या नाहीत की त्यांना हिरवी मिशी फुटे. काडेपेटीला चुलीशेजारी निजवावे लागे. "तुमचं हे केंद्र म्हणजे बेडकांचं सासर आहे," असे त्या म्हणत. "या घरात मीठ चमच्याने घालायचं नाही, ओतायचं." आणि हवावाले खूश होऊन वहीत लिहीत: सकाळी सात, अठ्ठ्याण्णव.

माझ्या डोंगरावरच्या आठव्या वर्षी माझा पहिला केस तुटला. चूक हवावाल्यांचीच. धूळ झटकताना कुंचला अडकला आणि कट्‌कन आवाज झाला. काटा सैल होऊन शंभरापाशीच्या खिळ्यावर आदळला. नवा केस कार्यालयातून यायला दोन महिने लागणार होते, आणि नोंदीत दोन महिन्यांचे भोक पडणार होते. ते तोंड पाडून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अहो, केसच हवा ना?" वहिनी म्हणाल्या. "मग माझ्या डोक्यावर काय गवत उगवलंय?"

त्या खिडकीत बसल्या, वेणी सोडली, आणि हवावाल्यांनी एकेक केस उजेडात धरून पाहिला. हा जाड, हा दुभंगलेला, हा आखूड. शेवटी एक पसंत पडला. केसाला तेलाचा अंश चालत नाही, म्हणून त्यांनी तो आधी साबणाने, मग स्पिरिटने, मग पावसाच्या पाण्याने धुतला, आणि हळूच वाऱ्यावर धरला.

"इतक्या लाडाने माझं डोकं कधी धुतलं नाहीत," वहिनी म्हणाल्या.

त्यांची चार वर्षांची मुलगी हे सगळे टेबलाखालून बघत होती. "आईचा केस घड्याळात गेला!" असे ओरडत ती खालच्या गावात पळाली, आणि तेव्हापासून मला माझे हे नाव मिळाले.

खरे सांगतो, कारागिराच्या केसापेक्षा वहिनींचा केस सरस होता. हवेत जरा कुठे बदल झाला की तो ओळखायचा. दोन महिन्यांनी कार्यालयातून नव्या केसांची पुडी आली, ती खणात पडून राहिली. रोज सकाळी वहिनी आतून विचारत, "काय म्हणतोय माझा केस?" हवावाले आकडा सांगत. "मग आज धुणं नको," त्या ठरवत. असे घर पुन्हा कुणाला मिळू दे. मला मिळाले होते, आणि मला वाटे ते कायमचे आहे.

मुलगी बारा वर्षांची झाली त्या वर्षी वहिनींच्या छातीत कफ साठला आणि नऊ दिवसांत त्या गेल्या. त्या दिवशीही हवावाले सातला पेटीपाशी आले. दार उघडले, पण श्वास रोखायचे विसरले. माझा काटा थरथरत वर गेला. ते बराच वेळ काचेवर हात ठेवून उभे होते. मग त्यांनी शहाण्णव लिहिले. आतून कुणी काही विचारले नाही. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी आपल्याला फक्त ओलावा मोजता येतो याची मला लाज वाटली.

त्यानंतर कार्यालयाची पत्रे येत राहिली, केस पाच वर्षांनी बदलावा म्हणून. हवावाले उत्तर धाडत: केस उत्तम स्थितीत आहे, बदलण्याची गरज नाही. हे खरेच होते. पण त्यांनी ते माझ्या प्रेमाखातर लिहिले नाही हेही मला माहीत होते.

मग डोंगर बदलू लागला. एका दिवसात नाही, नाहीतर कुणाच्या तरी लक्षात आले असते. आधी खालच्या उतारावरचे रान तोडून रस्ता रुंद केला. मग रस्त्याच्या कडेने आणखी तोडले, जळण म्हणून, घरे म्हणून, मोकळी जागा बरी दिसते म्हणून. उघडी माती उन्हात तापू लागली. खालून वर येणारा वारा पूर्वी गारेगार असे, तो कोमट झाला. आणि असा कोमट वारा लागला की ढग वर सरकतो, मुलांनो. एरवी अंगणात उतरणारे धुके आता वरच्या वर, जंगलाच्या माथ्यावरून निघून जाऊ लागले. शेवाळाच्या दाढ्या टोकाकडून तपकिरी झाल्या. सदरे एका दिवसात वाळू लागले. त्याचा तर सगळ्यांना आनंदच झाला.

माझ्या विसाव्या वर्षी पहिल्यांदा असे झाले की धुक्याचा हंगाम सरत आला तरी दारातून फाटक दिसतच राहिले. पुसट, पण दिसत होते. हवावाल्यांनी वाट वाट पाहिली. शेवटी एका सकाळी ते स्वतःशीच म्हणाले, "हेच दाट म्हणायचं." पेटी उघडली. अर्धा तास थांबले. मी शहाण्णव दाखवले, कारण हवेत शहाण्णवच होते.

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरे झाले असते. त्यांनी अगदी हलक्या हाताने स्क्रू फिरवला, काटा शंभरावर आणला, आणि केसाकडे बघून म्हणाले, "थकलीस ना? असू दे. मी आहे."

मित्रांनो, मी किती ओरडलो! पण माझे ओरडणे म्हणजे काट्याचे हलणे, आणि काटा तर त्यांनी धरला होता. केस थकला नव्हता. हवा थकली होती.

पुढच्या वर्षी त्यांनी फाटक सोडले आणि पलीकडची पाण्याची टाकी धरली. टाकी पुसट झाली की धुके दाट. दोन वर्षांनी टाकीही स्वच्छ दिसू लागली, तेव्हा ते समोरच्या डोंगरधारेवर आले. ती दोन मैल लांब! एवढ्या अंतरावर कोवळ्या उन्हातही धूसर दिसतेच. पण हवावाल्यांना ते कळत नव्हते असे नाही म्हणवत, कळून घ्यायचे नव्हते. या डोंगरावर धुके आहे, घरात मीठ ओतावे लागते, आणि केस जुना झाला म्हणून जरा आधार द्यावा लागतो: एवढ्यावर त्यांचे सगळे उभे होते. एकीकडे ते कार्यालयाला लिहीत की केस उत्तम आहे, आणि दुसरीकडे वहीच्या समासात लिहीत की केस थकल्यामुळे काटा अमुकवरून शंभरावर लावला. दोन्ही त्यांच्याच अक्षरात, दोन्ही मनापासून.

असे अकरा वर्षे चालले. वहीतला डोंगर पहिल्यासारखाच ओला राहिला. पावसाळ्यात मात्र माझे हाल होत. हवा खरोखर भरली की काट्याला शंभराच्या पुष्कळ पुढे जावेसे वाटे, आणि खिळा त्याला अडवी. मी त्या खिळ्याला टेकून महिना महिना काढला. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, अगदी बरोबर शंभर.

एव्हाना मुलगी मोठी झाली होती. शिकून परत आली आणि गावाच्या पाण्याचे काम तिने अंगावर घेतले. झऱ्याचे पाणी एका टाकीत साठवून पाळीपाळीने घरोघर सोडायचे, त्या टाकीची चावी तिच्या कमरेला. तिला चावीवाली म्हणत. बापासारखीच काटेकोर, पण बापाला आकडे आवडत आणि हिला बादली. दर सोमवारी ती झऱ्याच्या तोंडाशी एकच जुनी बादली धरे आणि भरेपर्यंत आकडे मोजे. पहिल्यांदा बारा मोजेपर्यंत भरली होती. आता चाळीस मोजावे लागत.

"बाबा, झरा आटतोय," ती सांगे.

"पावसाचं मागेपुढे होतं. हवा बघ की. तुझ्या आईच्या वेळी होती तेवढीच ओली आहे."

"मग माझी बादली मोठी झाली का?"

"तू मोजतेस भरभर," हवावाले म्हणत, आणि दोघेही हसत. पण तिचे हसणे दरवर्षी आखूड होत चालले होते. ते मी पेटीतूनही ऐकले.

मग बाटलीवाले आले. झऱ्याच्या उगमाशीच नळ टाकायचा, पाणी बाटल्यांत भरायचे आणि शहरात विकायचे, असा त्यांचा बेत होता. गावाने विरोध केला. पाणी खात्याच्या मोठ्या बाई चौकशीला आल्या. त्यांनी हवावाल्यांची वही मागितली, पाने उलटली, आणि खरोखर भारावून म्हणाल्या, "असं रजिस्टर मी नोकरीत पाहिलं नाही. तीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. आणि ओलावा बघा, जिथल्या तिथे. मग झरा आटतोय असं लोक कशावरून म्हणतात?"

"बादलीवरून," चावीवाली म्हणाली.

"बादली कुणी धरली, कशी मोजली, त्याची नोंद आहे का?"

नोंद नव्हती. बाईंनी वहीतले आकडे उतरवून घेतले. आठ दिवसांनी शाळेच्या सभागृहात बैठक घेऊन निर्णय देऊ म्हणाल्या. निर्णय काय होणार ते सगळ्यांना दिसत होते. गावाचे पाणी माझ्या आकड्यांवर जाणार होते, आणि ते आकडे माझे नव्हतेच.

त्या गेल्यावर बापलेकीचे जोरदार वाजले. चावीवाली म्हणाली, "तुमचा काटा खोटं बोलतोय." हवावाल्यांनी तिच्यावर तोपर्यंत कधी आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "त्यात तुझ्या आईचा केस आहे!"

तिने आवाज खाली आणला. म्हणाली, "बाबा, ओला टॉवेल गुंडाळला तर हा किती दाखवेल?"

"शंभर. ओल्या टॉवेलात दुसरं काय दाखवणार?"

"बघू या?"

त्यांना तर तेच हवे होते. केसाची अब्रू राखायची होती. त्यांनी मला पेटीतून काढून टेबलावर ठेवले, टॉवेल भिजवून पिळला आणि माझ्याभोवती गुंडाळला, फक्त काच उघडी ठेवली. काटा झपाझप चढला आणि खिळ्याला जाऊन थडकला. "बघ!" ते लहान पोरासारखे ओरडले. "बरोब्बर शंभर!"

चावीवालीने काचेला नाक लावले. "बाबा, काटा वाकलाय."

खरेच वाकला होता. मी खिळ्यावर सगळा भार टाकून उभा होतो. हवावाल्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मग त्यांनी काच काढली, चिमटा घेतला आणि तो खिळा उपटला.

काटा सुटला. शंभराची रेघ मागे पडली. पुढे जिथे रेघ नाही, आकडा नाही, नुसते कोरे पितळ आहे, तिथे तो चालत गेला आणि थांबला. हवावाल्यांनी कागदाची पट्टी लावून अंतर मोजले. एकवीस रेघांएवढे होते.

त्यांनी खुर्ची ओढली, पण बसायचे विसरले. मग वह्या काढल्या आणि समासातल्या त्या अकरा नोंदी एकाखाली एक लिहून बेरीज केली. एकवीस. रेघभरही इकडेतिकडे नाही.

"म्हणजे ती खरं बोलत होती," ते म्हणाले.

"कोण?"

"तुझी आई. अकरा वर्षं ती सांगत होती, आणि मी तिला दरवर्षी शंभर म्हणायला लावत होतो."

चावीवालीचे म्हणणे खरे ठरले होते, पण तिला त्याचा आनंद झाला नाही. तिने टॉवेल सोडला, माझी काच कोरडी केली आणि बापाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ते रडत होते. श्वास रोखायचे कुणाच्याच ध्यानात नव्हते, आणि माझा काटा कितीतरी वेळ खाली आला नाही.

पुढचे दिवस दोघांनी जेवणखाण सोडून काम केले. अकरा वर्षांच्या रोजच्या नोंदी आठ हजार. तेवढ्या सुधारणे आठ दिवसांत होणार नव्हते, म्हणून त्यांनी महिन्यामहिन्याची सरासरी घेतली. ती वाचायची, ते त्या वर्षापर्यंत चढवलेल्या रेघा वजा करून तांबड्या पेन्सिलीने लिहायचे. कागदावर डोंगर हळूहळू वाळत गेला. शेवटच्या वर्षाशी आले तेव्हा हवावाले म्हणाले, "एवढं कोरडं आणि मी सदरे वाळतात म्हणून खूश होतो."

बैठकीच्या दिवशी त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून पिशवीतून नेले. त्यांना निवृत्त व्हायला चार महिने होते. तीस वर्षे अखंड नोंदी ठेवल्याबद्दल कार्यालय त्यांचा सत्कार करणार होते, तसे पत्रही आले होते. हे सगळे ठाऊक असताना ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या शेवटच्या अकरा वर्षांच्या वह्या चुकीच्या आहेत. यंत्राची चूक नाही. मी केली."

त्यांनी धुक्याची रीत सांगितली, फाटक सांगितले, टाकी सांगितली, दोन मैलांवरची धार सांगितली. ओल्या टॉवेलाचा प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवला. बाटलीवाल्यांचा माणूस हसला. "म्हणजे एवढ्या सुंदर अक्षरात सगळं खोटं?"

"अक्षर खरं आहे," हवावाले म्हणाले. "डोळे खोटे होते."

मोठ्या बाईंनी वाकून टॉवेलातल्या काट्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही हे लेखी दिलंत तर नुसती अकरा वर्षं जाणार नाहीत. खातं तीसच्या तीस वर्षं बाद करेल. तुमच्या एकाही आकड्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय. ठेवू नका माझ्यावर विश्वास," हवावाले म्हणाले. "झऱ्याखाली बादली ठेवा."

आणि त्यांनी सही केली.

बाई उठल्या. चावीवालीच्या मागोमाग, साडी सावरत, झऱ्यापर्यंत चढून गेल्या. बादली त्यांनी स्वतः धरली आणि स्वतः मोजले. बेचाळीस. बाटलीवाल्यांचा अर्ज त्याच आठवड्यात नामंजूर झाला, आणि झऱ्यावरच्या जंगलात कुऱ्हाड न्यायला बंदी आली. जाताना बाई चावीवालीला म्हणाल्या, "आता दर सोमवारी लिहून ठेव. तारीख घालून."

सत्कार झाला नाही. हवावाल्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी माझा स्क्रू एकवीस रेघा मागे फिरवला, खिळा जागेवर बसवला आणि दुसऱ्या दिवशी सातला पेटीपाशी आले. आदल्या दिवशीपर्यंत मी त्या वेळेला ब्याण्णव सांगत होतो. त्या सकाळी मी एकाहत्तर दाखवले. त्यांनी एकाहत्तर लिहिले. मग दार लावण्याआधी केसाकडे पाहून म्हणाले, "चुकलो बरं का मी."

आता केंद्र बंद झाले आहे. अंगणात एक खांब उभा केला आहे, तो आपोआप मोजतो आणि आकडे थेट शहरात धाडतो. तो चांगले काम करतो, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. हवावाले लेकीकडे असतात. मी शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत कपाटावर आहे. तुम्ही काचेवर फुंकर मारून माझा काटा पळवता, ते मला आवडते, पण जरा बेताने मारा.

मित्रांनो, एक दुःख मात्र माझ्या पोटात आहे. खात्याने बाद केल्या त्या तीसही वर्षांच्या वह्या. त्यात चुकीची अकरा होती, तशी खरी एकोणीसही होती. फाटक दिसत नव्हते ती वर्षे, जंगलात दिवसभर टपटप चाले ती वर्षे, वहिनी ज्यात मीठ ओतत होत्या ती वर्षे. ती आता कोणत्याही कागदावर खरी नाहीत. उद्या कुणी म्हणेल की हा डोंगर पहिल्यापासून असाच कोरडा होता, तर त्याला दाखवायला काही उरलेले नाही. म्हणून मी हे तुम्हाला सांगून ठेवतो आहे. तो ओलावा होता. मी मोजला आहे.

तुमच्याकडे माझे मागणे मोठे नाही. कुठलाही काटा तुम्हाला नकोशा आकड्यावर उभा दिसला, तर स्क्रूला हात लावण्याआधी खिडकी उघडून बाहेर बघा. आणि झऱ्यावर जे शेवाळलेले रान शिल्लक आहे, ते राखा. खालच्या उघड्या उतारावर चावीवाली दरवर्षी रोपे लावते, तिच्या हाताखाली चार दिवस राबा. धुके एकदा गेले म्हणून कायमचे गेले असे मला वाटत नाही. ते वर, माथ्यापाशी, अजून रोज येऊन जाते. त्याला उतरायला गार जागा हवी आहे, एवढेच. ते खाली आले की मला कपाटावरून काढून अंगणात न्या आणि स्क्रूला हात न लावता नुसते बाजूला उभे राहा. केस अजून चांगला आहे.